स्पॅम गाळणी, सांख्यिकीय

ई-मेलने येणाऱ्या पत्रांतील शब्दांच्या वारंवारतेवरून प्रत्येक पत्र हवे की नको याची संभाव्यता काढणारी आणि नकोशी पत्रे वेगळ्या कप्प्यात टाकणारी संगणकीय आज्ञावली. न मागता, एकाच वेळी असंख्य पत्त्यांवर पाठविलेल्या जाहिरातवजा वा फसव्या पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. ही गाळणी कोणी आधी लिहून ठेवलेल्या नियमांवर चालत नाही. ज्यांचा निवाडा माणसाने केलेला आहे अशी पत्रे तिला नमुन्यादाखल द्यावी लागतात व त्यांवरून ती शिकते. या क्रियेला प्रशिक्षण म्हणतात. दोन गाळण्यांचे गणित सारखेच असूनही एक भरवशाची व दुसरी निरुपयोगी ठरते, ती बहुधा प्रशिक्षणातील फरकामुळे.

ऐतिहासिक आढावा : स्पॅम हे मुळात हॉर्मेल या अमेरिकन कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी नटमंडळीच्या १९७० मधील एका प्रहसनात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात हेच मांस निघते व त्याच्या नावाच्या घोषाने बाकीचे बोलणे बुडून जाते. नकोशा पत्रांच्या गर्दीला हे नाव चिकटले ते त्यावरून. असे घाऊक पत्र पहिल्यांदा ३ मे १९७८ रोजी पाठविले गेले, असे सामान्यतः मानतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक-निर्मात्या कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थ्युर्क यांनी नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडले. एप्रिल १९९४ मध्ये कँटर व सीगल या अमेरिकन वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूझनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली आणि स्पॅम हा शब्द सर्वतोमुखी झाला.

आरंभीच्या गाळण्या नियमांच्या होत्या. विषयाच्या ओळीत अमुक शब्द किंवा तीन उद्गारचिन्हे आली की पत्र बाद, असा त्यांचा खाक्या होता. पत्रे पाठविणारे लवकरच हे नियम ओळखत व शब्द बदलत; नियम लिहिणारा सदैव एक पाऊल मागे राही. १९९८ मध्ये मेहरान सहामी, सुसान डुमेस, डेव्हिड हेकरमन आणि एरिक हॉर्विट्झ यांनी बेझ यांच्या प्रमेयावर आधारलेली गाळणी एका निबंधात मांडली. पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाने ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर आली. पाठोपाठ बोगोफिल्टर, स्पॅमबेझ, पॉपफाइल इ. विनामूल्य आज्ञावल्या निघाल्या. स्पॅमॲसॅसिन या मूळच्या नियमाधिष्ठित आज्ञावलीतही सांख्यिकीय भाग जोडण्यात आला.

चुकांचे दोन प्रकार : गाळणीकडून दोन तऱ्हेच्या चुका होतात. स्पॅम पत्र निसटून आत येते, ही एक. खरे पत्र स्पॅम समजून बाजूला टाकले जाते, ही दुसरी. पहिल्या चुकीची किंमत वाचकाचे काही क्षण. दुसरीची किंमत आधी सांगता येत नाही, कारण ते पत्र आले होते हेच वाचकाला कळत नाही. निविदेची मुदत, परीक्षेचे प्रवेशपत्र किंवा कर-विभागाची नोटीस अशा रीतीने हुकू शकते. आणि पत्र पोचल्याची नोंद यंत्रात असल्यामुळे पाठविणाऱ्याला मात्र ते मिळाले असे वाटत राहते. 

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरील गोंदिया जिल्ह्यात याच प्रश्नाचे एक जुळे रूप रोज डोळ्यांसमोर असते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन झालेल्या या जिल्ह्याचे मुख्य पीक धान आहे व गोंदिया शहर राइस मिलांसाठी प्रसिद्ध आहे. आधुनिक मिलमध्ये भरडलेला तांदूळ सॉर्टेक्स यंत्रातून जातो. उतरत्या पन्हाळीवरून घरंगळणाऱ्या प्रत्येक दाण्यावर कॅमेऱ्याची नजर असते. डागी किंवा काळा दाणा दिसताच हवेचा बारीक झोत त्याला बाहेर उडवितो. यंत्र फार कडक लावले, तर झोताबरोबर शेजारचे चांगले दाणेही जातात. सैल लावले, तर डागी दाणे पोत्यात येतात. म्हणून बाहेर पडलेला माल तसाच टाकून न देता पुन्हा यंत्रातून काढतात. स्पॅम-गाळणीचाही कडकपणा असाच कमीजास्त करता येतो. भेद एवढाच, की चांगला दाणा गेल्याचे नुकसान डागी दाणा राहिल्याच्या नुकसानीशी तोलता येते. पत्रांच्या बाबतीत हा तोल साफ एकीकडे झुकलेला असतो. सहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखून संभाव्यता ९९.९ टक्क्यांहून जास्त असेल, तरच पत्र स्पॅम मानले होते.

यामुळे ‘गाळणी ९९ टक्के अचूक आहे’ हे विधान अपुरे ठरते. समजा, १,००० पत्रांपैकी ६०० स्पॅम व ४०० खरी आहेत आणि गाळणीच्या १० चुका झाल्या. दहाही चुका निसटलेल्या स्पॅमच्या असतील, तर गाळणी उत्तम म्हणावी लागेल. त्या दहाही खऱ्या पत्रांच्या असतील, तर प्रत्येक चाळीस खऱ्या पत्रांमागे एक पत्र हरवले. टक्केवारी दोन्हीकडे तीच राहते. गाळणीची परीक्षा घेताना म्हणून दोन्ही चुका निरनिराळ्या मोजतात.

संभाव्यतेची मांडणी : टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. परिणाम दिसल्यावर त्याच्या संभाव्य कारणांचे वजन कसे करावे, हा त्याचा विषय (पहा : संभाव्यता सिद्धांत). येथे परिणाम म्हणजे पत्रात दिसणारे शब्द आणि कारणे दोनच : पत्र खरे आहे किंवा स्पॅम आहे. गाळणी प्रत्येक शब्द खऱ्या पत्रांपैकी कितीत आला व स्पॅम पत्रांपैकी कितीत आला याची नोंद ठेवते. दोन्ही प्रमाणांच्या गुणोत्तरावरून त्या शब्दाचे वजन ठरते आणि नव्या पत्रातील शब्दांची वजने एकत्र करून पत्राची संभाव्यता निघते.

गोंदियातील एखाद्या राइस मिलच्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. शासनाच्या वतीने हमीभावाने धान खरेदी होते ती महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ व आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत. त्या धानाच्या भरडाईचे काम मिलांकडे येते. राज्य शासनाने हमीभावाखेरीज वेळोवेळी दिलेल्या प्रोत्साहनपर रकमेला या भागात सर्रास ‘बोनस’ म्हणतात. हाच शब्द जुगाराच्या व सोडतीच्या स्पॅम पत्रांचा अत्यंत लाडका आहे. आता ‘बोनस’, ‘खाते’, ‘त्वरित’ व ‘क्विंटल’ हे शब्द असलेले एक खरे पत्र या कार्यालयात आले, असे समजू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

गाळणीचे प्रशिक्षण परगावच्या, सर्वसाधारण पत्रांवर झाले असेल, तर तिच्या नोंदीत ‘बोनस’ हा शब्द दर हजार स्पॅम पत्रांपैकी १५० मध्ये व हजार खऱ्या पत्रांपैकी १० मध्ये असेल. म्हणजे गुणोत्तर १५. ‘खाते’ हा शब्द २४० व ८० पत्रांत, ‘त्वरित’ १८० व ६० पत्रांत; दोहोंचे गुणोत्तर प्रत्येकी ३. ‘क्विंटल’ तिने कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे त्याचे वजन शून्य. एकूण गुणाकार १३५ येतो व पत्र स्पॅम असण्याची संभाव्यता १३५/१३६, म्हणजे ०.९९ हून अधिक ठरते. पत्र बाद होते. आता तीच गाळणी या कार्यालयाच्या स्वतःच्या पत्रांवर शिकविली, तर ‘बोनस’ खऱ्या पत्रांपैकी १०० मध्ये आढळेल व त्याचे गुणोत्तर १.५ वर येईल. ‘क्विंटल’ हजारपैकी १६० खऱ्या पत्रांत व केवळ २ स्पॅम पत्रांत सापडेल, म्हणजे गुणोत्तर १/८०. इतर दोन शब्द तसेच धरले, तरी संभाव्यता सुमारे ०.१४ इतकी खाली उतरते व पत्र सुखरूप पोचते. सूत्रात काहीच बदललेले नाही. ‘बोनस’ या शब्दाचा दोष हलका झाला व ‘क्विंटल’ला साक्ष देता आली, इतकेच.

विरळ शब्दांच्या बाबतीत हे गणित धोक्याचे असते. सालेकसा हे तालुक्याच्या गावाचे नाव योगायोगाने एकाच पत्रात आले व ते पत्र स्पॅम निघाले, तर सरळ हिशेबाने त्या शब्दाची स्पॅम-संभाव्यता १ होईल आणि सालेकशाहून येणारे प्रत्येक पत्र अडकेल. ग्रॅहम यांनी यासाठी कोणत्याही शब्दाला ०.०१ ते ०.९९ या मर्यादेबाहेर जाऊ दिले नाही, पाचांहून जास्त वेळा न आलेले शब्द हिशेबात घेतले नाहीत आणि खऱ्या पत्रांतील आढळ दुप्पट मोजला. शेवटची तरतूद खऱ्या पत्राला मुद्दाम झुकते माप देण्यासाठी होती. गॅरी रॉबिन्सन यांनी अधिक सफाईचा मार्ग सुचविला. प्रत्येक शब्द आरंभी तटस्थ, म्हणजे ०.५ मानावा आणि जसजसा पुरावा साठेल तसतसे त्याला सरकू द्यावे. एकाच स्पॅम पत्रात दिसलेला शब्द या रीतीने साधारणतः ०.७५ वर थांबतो; दहा स्पॅम पत्रांत दिसला व खऱ्यात एकदाही नाही, तरच ०.९५ च्या पुढे जातो.

या पद्धतीला भोळी बेझ पद्धती म्हणतात. पत्रातील शब्द एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे ती भाबडेपणाने धरून चालते. प्रत्यक्षात ‘रक्कम’, ‘खाते’ व ‘जमा’ हे शब्द हातात हात घालून येतात आणि एकाच गोष्टीचा पुरावा तीनदा मोजला जातो. परिणामी गाळणीचे निकाल ० किंवा १ च्या अगदी जवळ साठतात. चुकीचा निकालही ती तितक्याच ठामपणे देते. रॉबिन्सन यांनी आर. ए. फिशर यांच्या काय-वर्ग पद्धतीचा आधार घेऊन पत्राच्या बाजूचा व विरुद्ध बाजूचा पुरावा स्वतंत्रपणे मोजण्याची रीत सुचविली. दोन्ही बाजूंनी सबळ पुरावा असला, तर निकाल ०.५ च्या आसपास राहतो, म्हणजे गाळणी आपल्याला ठरविता येत नाही असे सांगते. स्पॅमबेझमध्ये ०.२० पर्यंत खरे, ०.९० पासून पुढे स्पॅम आणि मधली पत्रे अनिश्चित, अशी मूळ आखणी होती. तीत खऱ्या पत्राची कड घेतलेली उघड दिसते. अनिश्चित पत्रांचा हा तिसरा कप्पा खरे पत्र वाचविण्याचा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय होय. थोडीशीच पत्रे त्यात पडतात व वाचक ती डोळ्यांखालून घालू शकतो.

प्रशिक्षण : नमुन्यांत खरी व स्पॅम अशी दोन्ही प्रकारची पत्रे लागतात. नवशिक्याकडून येथेच चूक होते. स्पॅम पत्र दिसले की तो गाळणीला ते दाखवितो. खरे पत्र मात्र वाचून बाजूला ठेवतो, ते दाखविण्याची गरज त्याला वाटत नाही. अशा एकांगी शिक्षणाने गाळणीच्या दृष्टीने जवळपास प्रत्येक शब्द संशयित बनतो. स्पॅमॲसॅसिनमधील सांख्यिकीय भाग किमान २०० स्पॅम व २०० खरी पत्रे शिकल्याखेरीज मत देत नाही, ही अट याच अनुभवातून आली आहे. दोन्ही संख्या फार विषम नसाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे.

नमुने ताजे हवेत आणि वर्षभरातील असावेत. गोंदियाच्या उदाहरणात खरीप धानाच्या खरेदीच्या दिवसांतील पत्रांवर शिकलेली गाळणी उन्हाळी धानाच्या हंगामात काहीशी अनोळखी मजकुराला सामोरी जाते. मार्चअखेर कर, लेखापरीक्षण व बँकेची पत्रे येऊ लागली, की ‘थकबाकी’, ‘अंतिम सूचना’, ‘दंड’ हे स्पॅमच्या भाषेतले शब्द एकाएकी खऱ्या पत्रांत दाटतात. एका हंगामाचे नमुने म्हणूनच पुरत नाहीत. गाळणीची चाचणीही शिकविलेल्या पत्रांवर न घेता त्यांच्यानंतर आलेल्या, तिने न पाहिलेल्या पत्रांवर घ्यावी लागते; नाहीतर पाठ केलेल्या धड्यावर परीक्षा घेतल्यासारखे होते.

पहिल्या शिक्षणानंतर दोन मार्ग असतात. आलेले प्रत्येक पत्र योग्य निवाड्यासह गाळणीला दाखवावे, किंवा केवळ जेथे ती चुकली वा अनिश्चित राहिली तेथेच दुरुस्ती करावी. दुसऱ्या मार्गात श्रम व साठा कमी लागतो, पण चूक वाचकाच्या नजरेस पडली पाहिजे. निसटलेले स्पॅम आपोआप नजरेस पडते. अडकलेले खरे पत्र मात्र कोणी कप्पा उघडून पाहिला तरच सापडते. कप्पा न उघडणाऱ्याची गाळणी त्यामुळे फक्त एकाच दिशेच्या चुका सुधारते व दिवसेंदिवस अधिक कडक होत जाते. काही आज्ञावल्या माणसाची वाट न पाहता स्वतःच्या निकालावरूनच शिकतात. हे सोयीचे असले, तरी एकदा झालेली चूक त्यामुळे स्वतःचाच पुरावा बनू शकते. स्पॅमॲसॅसिनमध्ये यावर बांध घातलेला आहे. स्वयंशिक्षणासाठी पत्राचे गुण मोजताना सांख्यिकीय भागाचे स्वतःचे मत वगळतात. नियमांवरून मिळालेले गुण १२ किंवा अधिक असतील, तरच मूळ मांडणीप्रमाणे पत्र स्पॅमचा नमुना ठरते, आणि ०.१ हून कमी असतील तरच खऱ्याचा. मधली पत्रे शिक्षणातून वगळली जातात.

वाचकाचा निवाडाही नेहमी शुद्ध नसतो. स्वतः होऊन मागविलेले एखादे वार्तापत्र नकोसे झाल्यावर ते बंद करण्याऐवजी पुष्कळजण त्याला स्पॅम म्हणून खूण करतात. त्याच संस्थेकडून येणारी पावती मग पुढे अडकते. कंटाळवाणे पत्र व स्पॅम पत्र यांत भेद करणे हे गाळणीच्या मालकाचे काम आहे. गाळणीला तो करता येणार नाही.

देवनागरी मजकुराच्या अडचणी : बहुतेक गाळण्या इंग्रजी पत्रे समोर ठेवून रचल्या गेल्या. ग्रॅहम यांच्या मूळ लेखात रोमन अक्षरे, अंक, संयोगचिन्ह, लोपचिन्ह व डॉलरचे चिन्ह यांनी शब्द बनतो व बाकी सर्व चिन्हे शब्द तोडणारी समजावीत, असा नियम होता. अक्षर म्हणजे रोमन अक्षर एवढाच अर्थ घेतला, तर अशा गाळणीला मराठी पत्र म्हणजे केवळ मोकळी जागा; तिला पत्राच्या शीर्षभागातील तांत्रिक तपशिलावरच निर्णय करावा लागतो. पुढच्या आज्ञावल्यांनी देवनागरी अक्षरे ओळखली, पण एक पेच उरला. युनिकोड संकेतप्रणालीत काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार ही स्वतंत्र जोडचिन्हे आहेत, अक्षरे नव्हेत. केवळ अक्षर व अंक शब्दात धरणारी आज्ञावली ‘गोंदिया’ या शब्दाचे ‘ग’, ‘द’ व ‘य’ असे तीन तुकडे करते. ते खऱ्या व स्पॅम पत्रांत सारख्याच प्रमाणात आढळणार, म्हणजे काहीच शिकविणार नाहीत. सर्व जोडचिन्हे गाळून टाकणारी आज्ञावली तर त्याहून वाईट. तिच्या लेखी ‘धान’ व ‘धन’ एकच होतात. पहिला या जिल्ह्याच्या खऱ्या पत्रांचा प्राण, दुसरा सोडतीच्या पत्रांचे आमिष. मराठी मजकूर रोमन लिपीत टंकलिखित करण्याची सवय तर सार्वत्रिक आहे व तेथेही हे दोन्ही शब्द बहुधा त्याच चार अक्षरांनी लिहिले जातात. अशा वेळी एकट्या शब्दाऐवजी लागोपाठच्या दोन शब्दांची जोडी मोजल्यास भेद टिकतो : ‘धान खरेदी’ एकीकडे, ‘धन लाभ’ दुसरीकडे.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द सरकारी पत्रांत वारंवार येतो. त्यातील चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी साठविता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, गाळणीला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. मोजणीपूर्वी त्यांचे एकीकरण मुद्दाम करावे लागते. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या फाँटांत टंकलिखित केलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन संकेतांत साठविलेला असतो. तो तसाच ई-मेलमध्ये चिकटविला, तर गाळणीला अर्थहीन अक्षरांची रास दिसते, आणि अशी रास हे स्पॅमचे जुने लक्षण आहे. प्रवासात देवनागरी मजकूर रोमन अक्षरांच्या सांकेतिक वेष्टनात गुंडाळलेला असतो. ते वेष्टन न सोडता शब्द मोजणारी गाळणी मराठी शिकूच शकत नाही.

मराठीच्या प्रत्ययांमुळे नमुने विरळ होतात. इंग्रजीत एक शब्द जेथे पुरतो, तेथे ‘बँक, बँकेत, बँकेच्या, बँकेकडून’ ही रूपे वेगवेगळी मोजली जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच पुरावा येतो. प्रत्यय काढून मूळ रूप मोजणे किंवा शब्दातील तीन-चार अक्षरांचे सलग गट मोजणे, असे दोन उपाय वापरतात. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांना लागून असल्यामुळे तेथील टपालात मराठी व हिंदी यांची सरमिसळ असते. लिपी एकच असल्याने ‘शिक्षा’ हा शब्द हिंदी पत्रात विद्यालयाविषयी, तर मराठी पत्रात दंडाविषयी असू शकतो. उलट रकमेच्या अर्थी येणारा हिंदी ‘राशि’ ऱ्हस्व व मराठी ‘राशी’ दीर्घ लिहितात. हा एका वेलांटीचा फरक गाळणीच्या पथ्यावर पडतो, अर्थात लिहिणाऱ्याने शुद्धलेखन पाळले असेल तर.

परक्या लिपीकडे संशयाने पाहण्याची प्रवृत्तीही गाळण्यांत होती. स्पॅमॲसॅसिनमध्ये अपेक्षित भाषा व लिपी आधी नमूद करण्याची सोय आहे. तेथे केवळ इंग्रजी नमूद केल्यास इतर लिपीतील पत्राला दंडाचे गुण मिळतात. लिहिण्याच्या अनोळखी ढंगामुळे खरे पत्र कसे अडकते, याचे ग्रॅहम यांनीच एक उदाहरण नोंदविले आहे. त्यांची सुधारलेली गाळणी लहान व मोठ्या रोमन अक्षरांत भेद करी. जानेवारी २००३ मध्ये त्यांनी सांगितलेल्या मोजक्या चुकांपैकी गंभीर चूक म्हणजे इजिप्तमधून आलेले, संपूर्णपणे मोठ्या अक्षरांत लिहिलेले एक खरे पत्र होय. सुधारणेपूर्वीच्या गाळणीने ते अडविले नसते.

प्रतिपक्षाच्या युक्त्या व मर्यादा : स्पॅम पाठविणारे गाळणीचा अभ्यास करतात. शब्दातील अक्षराऐवजी तसाच दिसणारा अंक घालणे, मजकूर चित्ररूपाने पाठविणे, पत्राच्या तळाशी निरुपद्रवी शब्दांचा ढीग ओतणे, या त्यांच्या जुन्या युक्त्या आहेत. शेवटच्या युक्तीचा हेतू दुहेरी असतो : पत्र आत जावे आणि न गेल्यास ते निरुपद्रवी शब्द बदनाम होऊन पुढची खरी पत्रे अडकावीत. स्वतःच्या टपालावर शिकविलेल्या गाळणीपुढे ही युक्ती सहसा लंगडी पडते, कारण एखाद्या मिलच्या पत्रव्यवहारात ‘भरडाई’ व ‘कणी’ हे शब्द निर्दोषपणाची खूण आहेत हे दूरस्थ प्रेषकाला ठाऊक नसते. फसवणुकीची पत्रे मात्र बँकेच्या खऱ्या पत्राची शब्दशः नक्कल करतात. तेथे शब्दांची मोजणी फारशी कामाची नाही. पाठविणाऱ्याची ओळख पटविणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या पद्धती त्यासाठी वापरतात. घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांना त्या पाळणे जीमेल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून आवश्यक केले.

मोठ्या ई-मेल सेवांनी आता कोट्यवधी वाचकांच्या निवाड्यांवर शिकलेली तंत्रिका-जाले वापरात आणली आहेत. गूगलने जुलै २०१५ मध्ये अशा जाल्यांचा उपयोग जाहीर केला. त्यांतील नमुना अफाट असला, तरी जिल्ह्याच्या ठिकाणच्या मराठी पत्रव्यवहाराचा त्यातील वाटा साहजिकच अल्प राहतो. अडकलेल्या पत्रावर ‘हे स्पॅम नाही’ अशी खूण करणे आणि नित्याच्या कार्यालयांचे पत्ते आपल्या पत्ता-सूचीत नोंदविणे, एवढाच प्रशिक्षणाचा भाग तेथे वाचकाच्या हाती उरतो.

कायदा : अमेरिकेत नकोशा व्यापारी ई-मेलसंबंधी २००३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. भारतात तसा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठविणाऱ्याविषयी दिशाभूल करण्यासाठी धाडलेल्या ई-मेलचा उल्लेख होता; तथापि त्या कलमाने भाषणस्वातंत्र्याचा संकोच होतो, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते संपूर्ण रद्द केले. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यापारी दूरध्वनी व लघुसंदेश यांपुरते आहेत. ई-मेल त्यांच्या कक्षेत येत नाही.